सरावाच्या उड्डाणात विमान का पडतं?

बीड जिल्ह्यातल्या एका आईचा प्रश्न आला आहे. त्यांचा मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयमधून, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्याची तयारी करून घेणाऱ्या संस्थेतून, एनडीएत गेला, हवाई दलात अधिकारी झाला आणि त्याच्या वाट्याला फायटरऐवजी ट्रान्स्पोर्ट, म्हणजे मालवाहू विमानं आली. घरच्यांना बरं वाटलं. मोठं विमान, जास्त इंजिनं, धोका कमी. मग कुणीतरी त्यांना २०१४ मधल्या ग्वाल्हेरजवळच्या हर्क्युलिस या मालवाहू विमानाच्या अपघाताची बातमी दाखवली. त्या लिहितात: "युद्ध नव्हतं, विमान नवं होतं, माणसं निवडक होती. नुसता सराव चालला होता. तरी पाच जण गेले. हे होतं कसं? चूक वैमानिकाची म्हणायची का? आणि मी लेकराला काय सांगू?"

ताई, मी तुमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातला, औशाकडचा. हवाई दलात एअरमन म्हणून भरती झालो, बरीच वर्षं इंजिन फिटर होतो, पुढं एएन-३२ या मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनिअर म्हणून उडलो आणि वॉरंट ऑफिसर होऊन बाहेर पडलो. मी वैमानिक नव्हतो. पण वैमानिकांच्या पाठीमागं बसून त्यांचे हात आणि समोरची घड्याळं बघण्यात माझी उमर गेली. त्या अनुभवावर सांगतो.

मोठं विमान म्हणजे धोका कमी, हा समज आधी सोडा. प्रवासी विमान आणि आमचं मालवाहू विमान दिसायला भावकीतली वाटतात, पण दोघांची कामं वेगळी. प्रवासी विमान बराचसा वेळ तीस-पस्तीस हजार फुटांवर असतं. तिथं काही बिघडलं तर विचार करायला, पुस्तक काढून वाचायला, रेडिओवर बोलायला वेळ मिळतो. लष्करी मालवाहू विमानाचं खरं काम जमिनीलगत चालतं. शत्रूच्या रडारला दिसू नये म्हणून डोंगराच्या आडोशानं जायचं, ठरलेल्या जागी पॅराट्रूपर उतरवायचे, पाठीमागचा दरवाजा उघडून सामान टाकायचं, आखूड किंवा कच्च्या धावपट्टीवर टेकायचं, आणि हे सगळं वेळ पडली तर रात्री, दिवे बंद करून, डोळ्यांवर नाइट व्हिजन गॉगल लावून. आणखी एक गोष्ट घरच्यांना सहसा माहीत नसते. फायटरच्या वैमानिकाला इजेक्शन सीट असते, मालवाहू विमानात ती नसते. विमान सावरलं तर सगळे वाचले.

२० ऑगस्ट २०१३ ला आपलं हर्क्युलिस लडाखमध्ये दौलत बेग ओल्डीला उतरलं. उंची १६,६१४ फूट. फोटो सगळ्यांनी पाहिला, अभिमान वाटला. पण तसं उतरणं एका दिवसात जमत नाही. त्यामागं शेकडो तासांची अशी उड्डाणं असतात, ज्यांची बातमी कधी येत नाही. येते ती फक्त त्यातलं एखादं पडलं तर.

२८ मार्च २०१४ ला तसंच झालं. सी-१३०जे सुपर हर्क्युलिस फेब्रुवारी २०११ मध्ये हवाई दलात आलं होतं, म्हणजे विमानं जेमतेम तीन वर्षांची. त्या सकाळी दहाच्या सुमारास दोन विमानं आग्र्याहून निघाली. एकामागं एक राहून, खालच्या उंचीवरून जाण्याचा सराव होता. ग्वाल्हेरच्या पश्चिमेला, मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या सीमेवर, मागचं विमान कोसळलं. चार अधिकारी आणि एक वॉरंट ऑफिसर, पाचही जण गेले. चौकशीतून पुढं आलेलं कारण असं, की मागचं विमान पुढच्या विमानानं मागं सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडलं. याला वेक टर्ब्युलन्स म्हणतात.

हा भोवरा तुम्हाला समजावून सांगायचा तर रानातच जावं लागेल. चैत्र-वैशाखात नांगरून टाकलेल्या काळ्या रानात वावटळ उठते. पाला, कडब्याची पानं, धूळ गोल फिरत वर जाते. ती वावटळ उभी असते. विमानाच्या दोन पंखांच्या टोकांपासून तशाच दोन वावटळी निघतात, पण आडव्या, आणि विमानाच्या मागं दोरखंडासारख्या लांबत जाणाऱ्या. पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त आणि वर कमी असतो, म्हणून तर विमान उचललं जातं. पंखाच्या टोकाला ही खालची हवा वर यायला धावते आणि तिथं पीळ पडतो. विमान जितकं जड आणि जितकं संथ, तितका पीळ घट्ट. हर्क्युलिसच्या पंखांचा विस्तार ४० मीटर आणि भरलेल्या विमानाचं वजन ७० टनांच्या घरात, म्हणजे तो पीळ किती दांडगा असेल ते बघा. रानातली वावटळ धुळीमुळं दिसते. स्वच्छ हवेतला हा पीळ डोळ्यांना अजिबात दिसत नाही. तो जागेवरही थांबत नाही. हळूहळू खाली बसत जातो, वारा असेल तर बाजूला सरकतो. म्हणून नागरी विमानतळावर जड विमान उडालं की मागच्याला ठरावीक वेळ थांबवून ठेवतात.

मागचं विमान त्या पिळात शिरलं की एक पंख वर ढकलला जातो आणि दुसरा खाली दाबला जातो. वैमानिक कंट्रोल पूर्ण उलट फिरवतो, तरी विमान कलतच राहतं, कारण पिळाचा जोर कंट्रोलच्या जोराला भारी पडू शकतो. दहा हजार फुटांवर हे झालं तर मोठा हिसका बसतो, सामानाचे पट्टे करकरतात, माणसं कठड्यांवर आपटतात, आणि विमान पिळाच्या बाहेर फेकलं जाऊन पुन्हा सरळ होतं. आता तेच ३०० फुटांवर धरा. ३०० फूट म्हणजे ९१ मीटर. अशा उड्डाणात वेग ताशी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सव्वाशे मीटर. नाक नुसतं दहा अंश खाली गेलं तरी जमीन चार सेकंदांवर. या चार सेकंदांत काय झालं ते कळायचं, हात हलायचे, विमानानं ऐकायचं आणि एवढ्या वजनाची खाली जाण्याची ओढ थांबायची. चांगल्यात चांगल्या माणसालाही ते पुरत नाहीत. ती पाच माणसं कमी पडली असं कुणी म्हणालं की मला फार लागतं.

मग एवढ्या खाली आणि एवढ्या जवळ जायचंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. दोन विमानांतले जवान एकाच जागी, थोडक्या वेळात उतरले तर ती तुकडी होते. पाच मिनिटांच्या फरकानं, दोन कोसांवर उतरले तर ती विखुरलेली माणसं होतात. म्हणून विमानांना एकमेकांचा माग धरूनच जावं लागतं. नियम असा, की मागच्यानं पुढच्याच्या वाटेपेक्षा किंचित वर किंवा वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहायचं, म्हणजे पीळ खाली बसत आपल्या खालून निघून जातो. सपाट रानावर सरळ जाताना हे सोपं. दऱ्याखोऱ्यांत, वळण घेताना, पुढचं विमान टेकडीवरून वर-खाली होत असताना ती जागा धरून ठेवणं फार अवघड असतं. आग्र्याजवळच्या मालपुरा ड्रॉप झोनवर सामान टाकायला जाताना मी कितीदा तरी हे अंगावर घेतलं आहे. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा वेगळी आणि पुढच्या विमानाचा पीळ वेगळा, हे पाठीच्या कण्याला कळतं. पहिला दणका खालून येतो. दुसरा माणसाला बाजूला लोटतो.

आम्ही उंची, अंतर आणि वेग या तिघांना शिल्लक समजायचो. विमानाच्या बँकेत तिघांपैकी एक तरी पाहिजे. उंची नसेल तर वेग असावा, वेग नसेल तर उंची असावी. खालच्या उंचीचा सराव म्हणजे ही शिल्लक जाणूनबुजून कमी करणं, कारण लढाईत ती कमीच असणार आहे. तुमच्या प्रश्नाचं मूळ उत्तर हे आहे, ताई. 'नुसता सराव' असं काही नसतं. सरावात शत्रू नसतो एवढंच. जमीन, वारा आणि वजन तेवढंच खरं असतं.

शिल्लक संपण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या. एक इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हा प्रत्येक ट्रान्स्पोर्ट वैमानिकाचा सराव. पंख्याच्या विमानात इंजिन मेलं की त्याची पाती हवेला धार दाखवतील अशी वळवावी लागतात, त्याला फेदर करणं म्हणतात. नाही वळवली तर तो पंखा हवेत भिंतीसारखा आडवा उभा राहतो आणि विमानाला त्या बाजूला ओढतो. खालच्या उंचीवर, वेग कमी असताना हा सराव करणं जोखमीचं, म्हणून आता जगभर त्यातला मोठा भाग सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये करतात. तिथं शंभरदा पडता येतं आणि संध्याकाळी घरी जाता येतं. सिम्युलेटरवर खर्च होतो तेव्हा कुरकुर करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरी तऱ्हा फाजील खात्रीची. २८ जुलै २०१० ला अमेरिकेच्या हवाई दलाचं सी-१७ हे मालवाहू विमान अलास्कातल्या एल्मेंडॉर्फ तळावर एअर शोचा सराव करताना पडलं आणि चौघे गेले. विमान ठणठणीत होतं. वळण इतकं तीव्र घेतलं गेलं, की पंखांनी उचलणं सोडलं. विमान तसा इशारा देत होतं, पण वळण चालूच राहिलं. अनेकदा तसंच करून निभावलं की माणसाला वाटायला लागतं, ही सीमा आपल्यासाठी थोडी पुढं सरकली आहे.

तिसरी मला सगळ्यात जास्त छळते. २५ सप्टेंबर २०२० ला युक्रेनमध्ये चुहुइवजवळ एएन-२६ हे विमान पडलं. माझ्या एएन-३२ चं थोरलं भावंडच म्हणा. हवाई दलाच्या विद्यापीठातले कॅडेट त्यात सरावाला बसले होते. २७ पैकी २६ गेले. त्यात डाव्या इंजिनाच्या सेन्सरमधल्या बिघाडाची गोष्ट पुढं आली, आणि उतरतानाच्या चुकांचीही. वीस-एकवीस वर्षांची पोरं होती ती, तुमच्या मुलाच्याच वयाची.

आता चूक वैमानिकाची का, या प्रश्नाकडं येतो. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढं आलेल्या माहितीनुसार २०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाच्या विमानांचे ३४ अपघात झाले आणि त्यांतल्या १९ मध्ये कारण विमानातल्या माणसांची चूक असं नोंदलं गेलं. हा आकडा सगळ्या प्रकारच्या विमानांचा आहे. तो खोटा नाही. पण चौकशी तिथंच थांबली तर ती अर्धवट राहते, असं माझं ठाम मत आहे.

मराठवाड्याला हे निराळं समजवावं लागू नये. २६ एप्रिल १९९३ ला चिकलठाण्याहून इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ उडालं. धावपट्टी संपते तिथून बीडचा रस्ता जायचा आणि त्या क्षणी त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमान उशिरा उचललं गेलं, चाक ट्रकला धडकलं, पुढं विजेच्या तारा लागल्या. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत वैमानिकांनी नाक उशिरा उचलल्याचा ठपका आला, आणि विमान उडताना त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली जात नव्हती हेही आलं. आता सांगा, नुसती 'वैमानिकाची चूक' लिहून फाइल बंद केली असती तर दुसऱ्या दिवशी तोच ट्रक त्याच रस्त्यानं गेला असता. वैमानिक चुकला हे खरं असलं, तरी त्याला चुकायला जागा कुणी ठेवली, हेही तितक्याच जोरानं विचारलं पाहिजे. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये दोन विमानांतलं अंतर किती ठरलं होतं? वारा सांगितला होता का? आदल्या रात्री माणसं किती झोपली? एखाद्याला शंका आली असेल तर ती बोलण्यासारखं वातावरण होतं का?

या शेवटच्या प्रश्नावर माझ्या आयुष्यातली एक सकाळ सांगतो. तळाचं नाव घेत नाही. एएन-३२ ची इंजिनं पंखाच्या वर बसवलेली असतात, त्यामुळं काम करायचं तर स्टँड लावून उंच चढावं लागतं. पॅरा ड्रॉपची सॉर्टी, म्हणजे पॅराशूटनं जवान उतरवायचं उड्डाण होतं. जवान पॅराशूट बांधून विमानाच्या सावलीत ओळीनं बसलेले. रात्री उजव्या इंजिनावर काम झालं होतं आणि शिफ्टचा इनचार्ज मी होतो. फॉर्म ७०० उघडला होता. हे विमानाचं वहीखातं. त्यावर प्रत्येक ट्रेडचा माणूस सही करतो, तेव्हाच विमान उडायला मोकळं. माझा पेन सहीच्या चौकटीवर टेकलेला. तेवढ्यात बावीस-तेवीस वर्षांचा एक कॉर्पोरल आला आणि हळूच म्हणाला, "सर, दहा-बाराचा पाना कमी आहे."

आमच्याकडं हत्यारांचा बोर्ड असतो. प्रत्येक हत्याराच्या आकाराची आकृती त्यावर रंगवलेली, म्हणजे काय नाही ते लांबून दिसतं. दहा-बाराच्या पान्याची आकृती रिकामी होती. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं ते लपवत नाही. मी म्हणालो, "तू आणलाच नसशील." वर्गात पोराला गप्प करतात तसं. तो गप्प झाला नाही. म्हणाला, "आणला होता सर, रात्री माझ्याच हातात होता." मी पेन खाली ठेवला. सॉर्टी थांबली, वरून फोनावर फोन आले, जवान उठून निघून गेले. दोन तास चाळीस मिनिटं आम्ही ते इंजिन उघडून शोधत होतो. पाना काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या आत, एका पाइपच्या वळणात अडकलेला सापडला. तेलानं काळा झालेला, त्यामुळं टॉर्च टाकूनही दिसत नव्हता. हातानं चाचपल्यावर लागला.

आमच्या कमांडिंग ऑफिसरनी त्या पोराला सगळ्यांसमोर बोलावलं आणि हात मिळवला. पाना विसरल्याची नोंद झाली, ती व्हायलाच पाहिजे होती. पण त्याला शिक्षा झाली नाही. त्या दिवशी त्याला झापलं असतं, तर पुढच्या वेळी पाना कमी असल्याचं सांगायला कुणी आलं नसतं. माझी सही झाली असती तर काय झालं असतं, हे मी आजही कधीकधी रात्री उठून बसून मोजतो.

अपघात झाल्यावर हवाई दलाची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे अंतर्गत चौकशी बसते. विमानातला फ्लाइट डेटा रेकॉर्डर आणि कॉकपिटमधल्या आवाजाचा रेकॉर्डर शोधतात, अवशेष गोळा करून मांडतात, कागद ताब्यात घेतात, त्यात तो फॉर्म ७०० आधी. नागरी विमानाचा अहवाल जसा लोकांपुढं येतो तसा लष्करी अहवाल येत नाही. यातला काही भाग गुप्त ठेवणं मला पटतं. पण ज्यांचं माणूस गेलं त्यांना कारण समजेल अशा भाषेत, समोर बसवून सांगितलं पाहिजे. ज्या घरांना ते कळत नाही, ती घरं गावगप्पांवर जगतात, आणि गावगप्पा फार वाईट असतात.

नियमांचं एक सांगून ठेवतो, कारण तुम्ही विचारणार नाही आणि कुणी सांगणारही नाही. ड्युटीवर अपघाती मृत्यू झाला तर १ जानेवारी २०१६ पासून केंद्राची एकरकमी मदत २५ लाख रुपये आहे, शिवाय विशेष कुटुंब निवृत्तिवेतन आणि हवाई दलाचा गट विमा. युद्धातल्या मृत्यूचे नियम वेगळे आणि रक्कम जास्त. मुलानं नॉमिनेशनचे कागद नीट भरलेत का, लग्नानंतर बदललेत का, एवढं एकदा विचारून घ्या. यात अशुभ काही नाही, आम्ही सगळ्यांनी ते भरले आणि आम्ही सगळे घरी आलो. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं.

राहिलं, लेकराला काय सांगायचं. ट्रान्स्पोर्ट सोड म्हणू नका. तो उड्डाणाला निघायच्या वेळी फोन करू नका, त्यानं उतरल्यावर करू दे. बातमीत कुठं काही पडल्याचं दिसलं तर लगेच दहा जणांना विचारत बसू नका, त्यानं त्याचं मन इकडं ओढलं जातं. फोन आला की जेवलास का, हे तुम्ही विचारणारच. त्याबरोबर झोप किती झाली, हेही विचारा. अंग बरं नाही, झोप झाली नाही, घरात काही घडलं आहे, अशा वेळी "आज मी उडण्यासारखा नाही" असं सांगायची वैमानिकाला मुभा असते. पण बरोबरीचे सगळे तयार होऊन उभे असताना तरण्या पोराला ते म्हणणं फार जड जातं. तुमच्याकडून एकदा तरी त्याच्या कानावर पडू द्या, की तू असं म्हणालास तर घरी कुणाला कमीपणा वाटणार नाही. आईनं सांगितलेलं वेगळं असतं. माझ्या मायनं मला असं काही सांगितलं नव्हतं, तिला विमानातलं कळत नव्हतं. ती फक्त विचारायची, "डोळे का रं लाल?" तेवढ्यावर मी दोनदा डॉक्टरकडं गेलो आणि दोन्ही वेळा त्या दिवशी उडलो नाही.